येता वेग, जाता वेग

१९९९ च्या सप्टेंबरमध्ये, दिवाळी अंकाचे काम ऐन भरात असताना, माझ्या थोरल्या भावाने एकाच दिवशी दोन मोडेम, म्हणजे संगणकातली माहिती सुरांत बदलून टेलिफोनवरून पाठवणारी यंत्रे, विकत घेतले. इंदूरला रामबागेत त्याचे अक्षरजुळणीचे दुकान होते आणि अंक ज्या छापखान्यात छापला जाई तो पोलोग्राउंड भागात होता. दुरुस्त केलेली पाने फ्लॉपीवर घालून सायकलने छापखान्यात पोहोचवायची, अशी तोवरची रीत होती. परंतु चित्रे असलेली पाने सहा-सहा मेगाबाइटांची होऊ लागली, एका संचाला पाच फ्लॉप्या लागू लागल्या, आणि त्या पाचांतली एक जरी छापखान्यात उघडली नाही तरी सगळी फेरी फुकट जाऊ लागली. म्हणून दादाने ठरवले की एक मोडेम दुकानात बसवायचा, दुसरा छापखान्यात बसवायचा, आणि इंटरनेटच्या भानगडीत न पडता या टेलिफोनवरून त्या टेलिफोनला फोन लावून पाने थेट पाठवायची. दोन्ही मोडेमांच्या खोक्यांवर ‘५६के’ (सेकंदाला छप्पन्न हजार बिट, म्हणजे शून्य किंवा एक अशा खुणा) असे ठळक छापलेले होते.

फोन लागला, ती ओळखीची शिट्टी आणि खरखर झाली, आणि पडद्यावर आकडा उमटला: ३१२००. पुन्हा लावला, पुन्हा तोच आकडा. तिसऱ्या वेळी तर २८८००. दादाने मला बोलावून घेतले, कारण मी तेव्हा एका तंत्रनिकेतनात इलेक्ट्रॉनिक्स शिकवत होतो.

“अरे, दोन्हीकडे छप्पन्नचेच मोडेम आहेत ना? मग हा एकतीसवर का अडतो?”

“एक बाजू कमी पडत असेल, दादा. एकाला जमत नसलं की दुसऱ्यालाही खाली यावं लागतं. दोन्ही दिशांचा वेग सारखाच असावा लागतो.”

हे उत्तर मी देऊन मोकळा झालो, आणि दोनपैकी एक मोडेम सदोष असणार असे धरून आम्ही तो आरएनटी मार्गावरील दुकानातून बदलून आणला. दुकानदाराने जराही खळखळ न करता दुसरा दिला. आकडा मात्र तोच राहिला, कारण दोष कोणत्याच मोडेममध्ये नव्हता. दोष माझ्या वाक्यात होता. ते वाक्य मी वर्गातही अनेकदा उच्चारलेले होते, आणि पुढे ज्या मुलांना ते शिकवले त्यांतल्या जितक्यांना गाठता आले तितक्यांना मी ते चुकीचे असल्याचे सांगितले. आजही हे वाक्य अनेक जाणत्या माणसांच्या तोंडून ऐकू येते, म्हणून ते नेमके कुठे चुकते हे सविस्तर लिहून ठेवणे मला आवश्यक वाटते.

मोडेममध्ये बोलणारा आणि ऐकणारा असे दोन वेगळे भाग असतात. दुकानातल्या मोडेमचा बोलणारा भाग ज्या वेगाने आणि ज्या पद्धतीने बोलेल, त्याच वेगाने आणि त्याच पद्धतीने छापखान्यातल्या मोडेमच्या ऐकणाऱ्या भागाने ऐकले पाहिजे; इथे तडजोड नाही. त्याचप्रमाणे उलट दिशेला छापखान्यातला बोलणारा आणि दुकानातला ऐकणारा यांची जोडी जमली पाहिजे. परंतु या दोन जोड्यांनी एकमेकींशी बरोबरी करावी, असे कोणतेही बंधन विजेच्या नियमांत नाही. दोन्ही टोकांना एकच मानक समजले पाहिजे, हे खरे आहे. ‘एकच मानक’ या शब्दांचा मी ‘दोन्ही दिशांना एकच वेग’ असा अर्थ लावला होता, आणि हा गोंधळ होण्यामागे थोडा इतिहासही आहे.

सुरुवातीच्या मोडेमांत दोन्ही दिशा खरोखरच समान होत्या. १९६२ मधला बेल १०३ हा मोडेम सेकंदाला ३०० बिट पाठवी आणि तितकेच घेई. आंतरराष्ट्रीय मानक व्ही.२१ ही त्याच जातीचे. टेलिफोनची यंत्रणा साधारण ३०० ते ३४०० हर्ट्झ (सेकंदाला इतकी कंपने) एवढाच स्वर वाहून नेते, आणि त्या पट्ट्याचे व्ही.२१ ने दोन वाटे केले: फोन लावणाऱ्याने ९८० आणि ११८० हर्ट्झच्या सुरांत बोलायचे, फोन घेणाऱ्याने १६५० आणि १८५० हर्ट्झच्या सुरांत. दोन भावांनी वाडा मधोमध भिंत घालून वाटून घ्यावा तसा हा प्रकार होता. व्ही.२२ बिसमध्ये वेग २,४०० पर्यंत गेला, तरी वाटणी तशीच राहिली. एका दिशेची वाहक लहर (जिच्यावर माहिती चढवली जाते तो मूळ सूर) १,२०० हर्ट्झवर आणि दुसरीची २,४०० वर. टेलिफोन मुळात दोन माणसांच्या संभाषणासाठी बनलेला, त्यात कोण जास्त बोलेल हे आधी ठरवता येत नाही, म्हणून समान वाटणी ही सर्वांत निर्वेध निवड होती. पण ती निवडच होती, सक्ती नव्हती.

सक्ती नव्हती याचा पुरावा त्याच काळात तयार झालेल्या व्ही.२३ या मानकात आहे. त्यात एका दिशेला सेकंदाला १,२०० बिट आणि उलट दिशेला अवघे ७५ बिट जातात. सोळा पट फरक! मोठ्या दिशेचे सूर १३०० आणि २१०० हर्ट्झचे, आणि छोट्या दिशेसाठी ३९० आणि ४५० हर्ट्झ अशी पट्ट्याच्या तळाशी चिंचोळी गल्ली. हा आकडा कोणाच्या लहरीतून आलेला नाही. एका अक्षराला आरंभ आणि शेवटाच्या खुणांसह दहा बिट धरले, तर ७५ बिटांत सेकंदाला साडेसात अक्षरे बसतात, आणि कळफलकावर बसलेला माणूस सहसा तेवढ्या वेगाने टंकत नाही. माणसाची बोटे जितके निर्माण करतात तितकीच वाट त्याला दिली आणि उरलेला सगळा पट्टा समोरून येणाऱ्या पानांना मोकळा ठेवला. ब्रिटनमधील प्रेस्टेल आणि फ्रान्समधील मिनिटेल या, टेलिफोनवरून पडद्यावर माहितीची पाने दाखवणाऱ्या, दोन्ही सेवा याच मानकावर चालल्या, आणि मिनिटेल तर ३० जून २०१२ पर्यंत चालू होते. मिनिटेलच्या रचनेतली एक बाब मला विशेष आवडते: गरज पडल्यास मोडेमला आज्ञा देऊन दिशा उलटवता येत असे, म्हणजे ग्राहकाला बरेच काही पाठवायचे असेल तर १,२०० ची वाट त्याच्याकडे येई आणि ७५ ची पलीकडे जाई. आपल्याला समान वाटा हवा असतो की गरजेच्या वेळी मोठा वाटा हवा असतो, हा प्रश्न त्या अभियंत्यांनी स्वतःला विचारलेला दिसतो.

आपल्याकडे असमान दिशांचे यंत्र दादाच्या मोडेमांआधीच घराघरांत नसले तरी पेढीपेढीवर पोहोचले होते, फक्त त्याकडे त्या दृष्टीने कोणी पाहिले नव्हते. इंदूरच्याच सियागंज बाजारातील व्यापाऱ्यांकडे जी फॅक्स यंत्रे होती, त्यांत कागदाचे चित्र सेकंदाला ९,६०० बिटांनी, आणि पुढच्या यंत्रांत १४,४०० बिटांनी जाई. ‘पान नीट मिळाले’ ही पोच मात्र व्ही.२१ च्या संथ ३०० बिटांच्या सुरात परत येई. दोन्ही गोष्टी एकाच वेळी होत नसत, पाळीपाळीने होत, तरी मुद्दा तोच आहे. पोच लहान असते, म्हणून तिला लहान वाट पुरते.

पुढच्या टप्प्यात अडचण अशी आली की वेग ९,६०० वर न्यायचा तर पट्ट्याचे दोन वाटे करणे परवडेना. १९८४ च्या व्ही.३२ ने त्यावर वेगळा उपाय काढला: भिंतच काढून टाकली. दोन्ही मोडेम संपूर्ण पट्टा एकाच वेळी वापरतात आणि प्रत्येक मोडेम तारेवरच्या कल्लोळातून स्वतःच्या आवाजाचा प्रतिध्वनी वजा करून उरलेले ऐकतो. ही वजाबाकी करण्यासाठी त्या काळी महागडी गणनशक्ती लागे. म्हणून १९८६ मध्ये यूएस रोबोटिक्सने आपल्या एचएसटी मोडेममध्ये पुन्हा असमानतेचाच मार्ग धरला. एका दिशेला ९,६००, उलट दिशेला ३००, आणि ज्याच्याकडे पाठवण्यासारखे जास्त साठेल त्याच्याकडे मोठी वाट आपोआप वळवायची. फायली एका बाजूने दुसरीकडे नेणाऱ्यांना हा मोडेम फार मानवला.

आता दादाच्या ३१२०० कडे परत येतो. त्या दोन मोडेमांनी आपापसांत बोलताना १९९४ चे आणि १९९६ मध्ये वाढवलेले व्ही.३४ हे मानक निवडले होते, ज्याची कमाल मर्यादा ३३,६०० आहे. फोन लागताना जी खरखर ऐकू येते तिचा एक भाग म्हणजे दोन्ही मोडेमांनी तारेची केलेली तपासणी असते: प्रत्येक जण ठरावीक सुरांचा एक गुच्छ पाठवतो आणि दुसरा त्यातले कोणते सूर किती क्षीण होऊन पोहोचले हे मोजतो. ही मोजणी दोन्ही दिशांना स्वतंत्रपणे होते, आणि व्ही.३४ मध्ये दोन्ही दिशांचे वेग वेगवेगळे ठरण्याची मुभाही आहे. आमच्या मोडेममध्ये रॉकवेल कंपनीची चिप होती; फोन तुटल्यावर तिला ‘एटी&व्ही१’ ही आज्ञा दिली की शेवटच्या जोडणीचा हिशेब पडद्यावर येई आणि त्यात पाठवण्याचा वेग आणि घेण्याचा वेग अशा दोन वेगळ्या ओळी असत. माझ्या चुकीच्या वाक्याचे उत्तर त्या दोन ओळींत पहिल्या दिवसापासून होते. पावसाळ्यात रामबागेतल्या जुन्या केबलच्या जोडांत पाणी शिरले की आमच्याकडे येणारा वेग २६,४०० वर घसरे आणि आमच्याकडून जाणारा ३१,२०० वर टिकून राही. याचे कारणही सरळ आहे. समोरचा आवाज सगळी तार ओलांडून आमच्यापर्यंत येतो तेव्हा तो मुळातच क्षीण झालेला असतो, आणि आमच्या दाराजवळची खरखर त्या क्षीण आवाजावर जास्त भारी पडते. आमचा स्वतःचा आवाज मात्र त्याच ठिकाणाहून ताजा निघतो.

मग छप्पन्न हजार आले कुठून, आणि आम्हाला का मिळाले नाहीत?

टेलिफोन केंद्रात पोहोचलेला आवाज तिथे सेकंदाला ८,००० वेळा मोजला जातो आणि प्रत्येक मोजमाप ठरलेल्या २५६ पायऱ्यांपैकी सर्वांत जवळच्या पायरीवर बसवले जाते. आठ हजार गुणिले आठ बिट, म्हणजे सेकंदाला ६४,००० बिट, एवढ्या आकड्यांच्या रूपात आपला आवाज केंद्राच्या आत प्रवास करतो. जवळच्या पायरीवर बसवताना मूळ मोजमाप आणि पायरी यांत जो बारीक फरक राहतो तो परत कधीच भरून निघत नाही. कानाला तो जाणवत नाही, पण मोडेमच्या दृष्टीने तो कायमचा गोंगाट आहे. एखाद्या वाटेने जास्तीत जास्त किती बिट जातील हे सांगणाऱ्या क्लॉड शॅनन यांच्या सूत्रात ३,१०० हर्ट्झचा पट्टा आणि ३५ डेसिबलचे संकेत-गोंगाट गुणोत्तर (संकेत गोंगाटापेक्षा किती बलवान याचे माप) घातले तर उत्तर सुमारे ३६,००० बिट येते. व्ही.३४ ची ३३,६०० ही मर्यादा या भिंतीला जवळजवळ टेकलेली आहे. अधिक हुशार मोडेम बनवून तिथे फारसे काही मिळण्यासारखे उरले नव्हते.

परंतु इंटरनेट सेवा देणारी कंपनी सामान्य ग्राहकासारखी तांब्याच्या दोन तारांनी केंद्राला जोडलेली नसते. ती केंद्राशी थेट आकड्यांच्या भाषेत, तीस वाहिन्यांच्या डिजिटल जोडणीने जोडलेली असते. तिच्याकडून येणारे आकडे कुठेही मोजले जात नाहीत, कारण ते आधीच आकडे आहेत; ते जसेच्या तसे आपल्या केंद्रापर्यंत येतात आणि तिथे प्रथमच विजेच्या दाबात बदलून आपल्या तारेवर उतरतात. पायरीवर बसवण्याची चूक या दिशेला होतच नाही. आपल्या मोडेमला फक्त एवढेच ओळखायचे असते की या क्षणी कोणती पायरी आली. शून्याजवळच्या पायऱ्या एकमेकींना फार चिकटलेल्या असतात, त्या सोडाव्या लागतात. आठऐवजी सात बिट धरले की ५६,००० हा आकडा मिळतो. १९९८ चे व्ही.९० हे मानक या एका निरीक्षणावर उभे आहे. तेव्हा जोडणी झाल्यावर पडद्यावर ४५,३३३ किंवा ४९,३३३ असे विचित्र आकडे का दिसत, याचेही उत्तर इथेच आहे: व्ही.९० मधला वेग ८,००० च्या सहाव्या भागाच्या, म्हणजे १,३३३ च्या, पायऱ्यांनी वाढतो.

उलट दिशेला मात्र आपला मोडेम तारेवर विजेचा दाबच पाठवतो, आणि केंद्रात तो मोजला जातोच. त्यामुळे व्ही.९० मध्ये जाता वेग जुन्याच ३३,६०० च्या आत राहिला, आणि बहुतेक मोडेमांत तो ३१,२०० च्या वर गेलाच नाही. रामबाग आणि पोलोग्राउंड यांच्यातल्या आमच्या जोडणीत तर दोन्ही टोके तांब्याचीच होती. इकडून जाणारा आवाज आमच्या केंद्रात मोजला जाई, तिकडून येणारा त्यांच्या केंद्रात. दोन्ही दिशांना एकेकदा मोजणी, म्हणून दोन्ही दिशांना एकच कमाल मर्यादा. जगातले सर्वोत्तम दोन ‘५६के’ मोडेम आणून जोडले असते तरी आकडा बदलला नसता. खोक्यावरचा आकडा हा मोडेमचा गुण नसून, एका टोकाला डिजिटल जोडणी असलेल्या संपूर्ण वाटेचा गुण आहे, हे खोक्यावर कुठेही लिहिलेले नव्हते. माझ्या मते ते लिहायला हवे होते. निदान दोन मोडेम एकदम घेणाऱ्या ग्राहकाला दुकानात कोणी तरी सांगायला हवे होते.

इथवर पाहिले तर ध्यानात येते की असमानता तीन अगदी वेगळ्या कारणांनी आलेली आहे, आणि त्या सर्वांना एकाच मापाने मोजणे योग्य नाही. व्ही.२३ मध्ये ती वाटणी होती. एका दिशेचे काढून दुसरीला दिले जाई. एचएसटीमध्ये ती प्रतिध्वनी वजा करण्याचा खर्च टाळण्यासाठी होती. व्ही.९० मध्ये मात्र कोणाचेही काढून कोणाला दिलेले नाही. जाता वेग कमी केल्याने येता वेग वाढला, असा समज मी पुष्कळांच्या बोलण्यात ऐकला आहे, आणि तो बरोबर नाही. जाता वेग होता तिथेच राहिला आणि येत्या वेगावरचा एक अडसर निघाला. समानतेच्या आग्रहाने व्ही.९० नाकारले असते, तर जाणाऱ्या दिशेला एक बिटही जास्त मिळाला नसता.

मग प्रश्नाचा दुसरा अर्धा भाग उरतो: मोडेमला समानता लागत नाही हे मान्य, पण त्यावरून जे काम करायचे त्याला लागते का? याचे उत्तर ‘पोच’ या एका शब्दात आहे. पाठवणाऱ्याला आपला माल पोहोचला की नाही हे कळावे लागते, आणि ती पोच उलट दिशेने येते. पोच किती मोठी आणि किती वेळा, यावर उलट दिशेला किमान किती वाट हवी हे ठरते. यूनिक्स कार्यप्रणालीवर चालणाऱ्या संगणकांमध्ये टेलिफोनवरून पत्रे पाठवण्याची जुनी यूयूसीपी पद्धत घ्या. तिच्या सर्वांत प्रचलित नियमात माल सहसा ६४ बाइटांच्या तुकड्यांत जाई आणि तुकड्यामागे सहा बाइटांची पोच येई. ९,६०० बिटांच्या वाटेने सेकंदाला असे तेरा-चौदा तुकडे जातात, म्हणजे ऐंशीच्या आसपास बाइटांची पोच परत यायला हवी; एचएसटीची ३०० बिटांची उलटी वाट सेकंदाला तीसेक बाइटच नेऊ शकते. मोठी वाट रिकामी आणि छोटी वाट तुंबलेली, अशी स्थिती त्यामुळे होई. टेलिबिट कंपनीने आपल्या ट्रेलब्लेझर मोडेममध्ये यावर फार कल्पक तोड काढली. जवळच्या यंत्राला जवळच्या मोडेमनेच पोच देऊन टाकायची आणि पलीकडे माल बिनचूक पोहोचवण्याची जबाबदारी दोन मोडेमांनी आपसांत घ्यायची.

दादाच्या पानांसाठी आम्ही विंडोजमधल्या हायपरटर्मिनल या, मोडेमने फोन जोडणाऱ्या, प्रोग्राममधून झेडमोडेम ही फायली पाठवण्याची पद्धत वापरत होतो, जी चक फोर्सबर्ग यांनी १९८६ मध्ये तयार केली. तिच्यात माल सलग वाहत राहतो आणि पलीकडचा गडी काही चुकले तरच बोलतो. आमचा मोडेम संगणकाबाहेर ठेवायचा होता आणि त्याच्या पुढच्या बाजूला पाठवण्याचा आणि घेण्याचा असे दोन वेगळे दिवे होते. सहा मेगाबाइट जायला सुमारे सत्तावीस मिनिटे लागत, आणि त्या सत्तावीस मिनिटांत पाठवण्याचा दिवा अखंड पेटलेला असे, तर घेण्याचा क्वचितच लुकलुके. म्हणजे ज्या जोडणीत दोन्ही दिशांची मर्यादा समान होती, त्याच जोडणीत एक दिशा जवळजवळ संपूर्ण वेळ रिकामी होती. त्या रिकाम्या दिशेचा वेग पुढच्या दिशेला वळवता आला असता का? नाही, कारण व्ही.३४ मध्ये दोघेही आधीपासून संपूर्ण पट्टा वापरत असतात. गप्प बसलेल्याकडून काढून घेण्यासारखे काही नसते.

इंटरनेटवरच्या टीसीपीचा, म्हणजे माल छोट्या पाकिटांत पाठवून त्यांची पोच घेण्याच्या नियमाचा, हिशेबही असाच मांडता येतो. येता वेग ४५,३३३ असेल तर सेकंदाला सुमारे ५,६०० बाइट येतात. विंडोज ९८ मंद जोडणीवर ५७६ बाइटांची पाकिटे वापरी, म्हणजे सेकंदाला दहा पाकिटे. दर दोन पाकिटांमागे चाळीस बाइटांची एक पोच धरली तर दोनशे बाइट, म्हणजे १,६०० बिट, उलट जायला हवेत. व्हॅन जेकबसन यांनी १९९० मध्ये सुचवलेल्या पद्धतीने ते चाळीस बाइट आवळून मोजक्याच बाइटांत बसवता येतात. म्हणजे केवळ पाने वाचणाऱ्या माणसाला २,४०० बिटांचा जाता वेगही पुरला असता आणि ३१,२०० मध्ये तर भरपूर जागा शिल्लक राहत होती.

हा हिशेब बरोबर असूनही दुकानातला अनुभव वेगळा होता. वहिनी पंचांगाच्या किंवा पाककृतींच्या एखाद्या पानाची वाट पाहत बसलेली असे, आणि त्याच जोडणीवरून दादाने चित्रे जोडलेले पत्र (ई-मेल) धाडले की तिचे पान मध्येच थबके. जाणाऱ्या वाटेवर चित्राचा डोंगर, येणारी वाट मोकळी, तरी येणारे का अडावे, हे कोडे मला बरेच दिवस सुटले नव्हते. खरी अडचण रुंदीची नव्हती, रांगेची होती. २८,८०० च्या वाटेने ५७६ बाइटांचे एक पाकीट जायला ०.१६ सेकंद लागतात. पत्राची चौदा-पंधरा पाकिटे मोडेमपुढे रांगेत उभी असली की वहिनीच्या पानाची चाळीस बाइटांची चिमुकली पोच त्यांच्यामागे दोन-अडीच सेकंद उभी राही. पलीकडचा संगणक साधारण आठ किलोबाइट पाठवून पोच येईपर्यंत थांबलेला असे, म्हणून साडेपाच किलोबाइटांचा येता वेग तीनच्या आसपास येई, आणि अनेक चित्रांच्या पानात हे पुन्हा पुन्हा घडले की पान गोठल्यासारखे वाटे. जाता वेग दुप्पट असता तर रांग अर्धी झाली असती, हे खरे. पण पोचेला रांगेत पुढे सोडण्याची सोय असती, तर वेग न वाढवताही दुखणे गेले असते. असमानतेच्या नावावर जी तक्रार नोंदवली जाते तिचा मोठा भाग या रांगेच्या नावावर टाकायला हवा, असे माझे ठाम मत आहे.

दोन्ही दिशांना सारखीच गरज असलेले एक काम माझ्या पाहण्यात आले, ते म्हणजे बोलणे. शेजारच्या काकांचा मुलगा अमेरिकेत होता आणि नेटमीटिंग या इंटरनेटवरून बोलण्याच्या प्रोग्रामवर त्याच्याशी बोलण्यासाठी ते रविवारी सकाळी दुकानात येत. त्यातला आवाज ६,३०० बिटांत आवळलेला असे. परंतु दर तीस मिलिसेकंदांच्या चोवीस बाइट आवाजावर चाळीस बाइटांचे वेष्टन चढे आणि प्रत्यक्षात सेकंदाला सतरा हजार बिट लागत. हे दोन्ही दिशांना तितकेच लागत. म्हणून काकांना मुलाचा आवाज स्वच्छ ऐकू येई आणि मुलाला काकांचा तुटक, असे पावसाळ्यात अनेकदा घडले; जाता वेग घसरून मध्येच मोडेम पुन्हा जुळवाजुळव करू लागला की ते तीन-चार सेकंद काकांचे बोलणे हवेत विरे. तरीही नीट पाहिले तर बोलण्यालासुद्धा समान वेग लागत नव्हता. दोन्हीपैकी कमी असलेला वेग सतरा हजारांच्या सुखरूप वर राहावा, एवढेच त्याला हवे होते, आणि तो डळमळू नये, हे त्याहून अधिक.

म्हणून त्या रविवारांसाठी मी एक वेगळी जोडणी करून ठेवली होती, जिच्यात आज्ञा देऊन व्ही.९० बंद केलेले असे आणि मोडेम व्ही.३४ वरच २८,८०० ला बांधलेला असे. येता वेग ४५,३३३ वरून जवळजवळ दोन-तृतीयांशावर आला, पण बोलणे तुटायचे थांबले. दादाच्या पानांसाठीही पावसाळ्यात मी हीच मर्यादा घालत असे, कारण ३१,२०० वर चढून दर पाच मिनिटांनी कोसळणाऱ्या जोडणीपेक्षा २८,८०० वर शांतपणे चालणारी जोडणी फाइल आधी पोहोचवी. पाने ई-मेलनेही पाठवता आली असती, पण पत्रातून पाठवलेली फाइल अक्षरांत रूपांतरित होताना एक तृतीयांशाने फुगते, मोडेमची आवळणी त्यातला बराचसा फुगवटा परत काढते, तरी पत्र आधी वर चढवायचे आणि मग छापखान्याने ते खाली उतरवायचे, असे दोन टप्पे होतातच. थेट फोनमध्ये एकच टप्पा असे. त्यामुळे येत्या वेगाच्या मोठ्या आकड्याचा मोह सोडून त्या वर्षीचा सगळा अंक आम्ही थेट जोडणीनेच पाठवला.

२००० मध्ये व्ही.९२ हे मानक आले आणि त्यात जाणाऱ्या दिशेलाही ४८,००० पर्यंतची सोय झाली. आपल्या मोडेमने तारेवर असा काही दाब पाठवायचा की केंद्रातल्या मोजणीच्या क्षणी तो अचूक एखाद्या पायरीवरच येऊन पडेल. त्यासाठी तारेत होणारा सगळा बिघाड आधीच हिशेबात धरून उलटा करून पाठवावा लागतो. दूरच्या माणसाच्या हातातल्या मापात बरोब्बर बसेल असे कापड न पाहता कापण्यासारखे ते अवघड काम आहे, आणि ते मानकात उतरले याचे मला आजही कौतुक वाटते. ते वापरायचे तर पलीकडच्या सेवा देणाऱ्या कंपनीनेही आपली यंत्रे बदलावी लागत. दादाने २००२ मध्ये व्ही.९२ चा मोडेम घेतला, आणि दर जोडणीनंतर मी शेवटच्या जोडणीचा हिशेब दाखवणारी ती आज्ञा देऊन पाठवण्याच्या वेगाची ओळ वाचत असे. रामबागेतल्या त्या पडद्यावर तिथे ३१,२०० पेक्षा मोठा आकडा मी कधी पाहिला नाही.